रिकाम्या हौद्याचा हिशेब

अमेरिकेत पूर्ण आकाराची पिकअप घ्यायला निघालेला माणूस आधी तिच्या तोंडाकडे बघतो. छातीएवढं उंच ग्रिल, त्यामागे खोलीएवढी केबिन. सेल्समन म्हणतो, ‘अकरा हजार पाउंड ओढते’ आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. पण या गाडीबद्दलचा सगळ्यात खरा मजकूर तिच्या तोंडावर नसतोच. त्यासाठी चालकाचं दार उघडून खांबाकडे वाकावं लागतं. तिथे टायरमधल्या हवेच्या आकड्यांसोबत एका पिवळ्या पट्टीवर एकच वाक्य असतं : माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये.

हा आकडा मॉडेलचा नव्हे, त्या एका गाडीचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या जुळ्या बहिणीवर तो दीडदोनशे पाउंडांनी वेगळा निघू शकतो. काचेचं छत, विजेवर बाहेर येणाऱ्या पायऱ्या, मोठाली चाकं, फोर-बाय-फोर, सगळ्यांचं वजन त्यातूनच वजा होतं. त्यामुळे चामड्याच्या सीटची सगळ्यात महागडी गाडी बहुधा सगळ्यात कमी ओझं उचलते आणि कंत्राटदाराची रेक्झिनवाली साधी गाडी तिला सहज मागे टाकते. एवढे पैसे मोजून कमी वजन उचलणारी वस्तू आपण हौसेने घरी आणतो, याला काही इलाज नाही.

एक हिशेब मांडून बघू. पट्टीवर १,४५० पाउंड लिहिलंय. आईवडील आणि दोन वाढत्या वयाची मुलं, मिळून ६०० धरा. हौद्यात कूलर, सायकली, छोटा जनरेटर, २०० पाउंड. राहिले ६५०. मागे कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, भरलेला, ५,५०० पाउंडांचा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर टेकतो, त्याला टंग वेट म्हणतात, आणि तो भार गाडीच्या पेलोडमध्ये, म्हणजे पट्टीवरच्या आकड्यातच मोजला जातो. १३ टक्क्यांनी ७१५ पाउंड झाले. म्हणजे हद्द ओलांडून ६५ पाउंड वर गेलो, आणि वजन पुढच्या चाकांवर वाटून देणाऱ्या हिचचं लोखंड अजून धरलंच नाही. अकरा हजारांतली क्षमता मात्र निम्मीच वापरली आहे. शिवाय कॅम्परचं वजन विचारलं की कारखान्यातलं कोरडं वजन सांगितलं जातं. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३० पाउंड तिथेच वाढतात. गॅसची नळकांडी, बॅटरी, भांडीकुंडी वेगळी.

मग तो अकरा हजारांचा आकडा खोटा असतो का? नाही. २०११मध्ये टोयोटाने आणि पुढे काही वर्षांत बाकीच्यांनीही स्वीकारलेल्या मानकानुसार तो काढतात. त्यातली मुख्य परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या घाटात होते : ११.४ मैलांची चढण, बाहेर कडक ऊन, एसी पूर्ण सोडलेला आणि वेग ताशी ४० मैलांखाली येऊ द्यायचा नाही. परीक्षा कडकच आहे. पण गाडीत धरलेली माणसं दोन, प्रत्येकी दीडशे पाउंडांची, आणि हौदा जवळपास रिकामा. आपल्या हिशेबात मात्र मागच्या सीटवर दोन मुलं आणि खाण्याच्या चार पिशव्या असतात.

मराठी वाचकाला इथे बोलेरो पिकअप आठवेल. १,४५० पाउंड म्हणजे जेमतेम ६६० किलो. ऐंशीच्या आसपास अश्वशक्तीची बोलेरो मॅक्स अधिकृतपणेच दोन टनांपर्यंत माल नेते (अनधिकृतपणे किती नेते ते कांदा मार्केटच्या दाराशी बघावं), आणि सव्वातीनशे अश्वशक्तीची फोर्डची एफ-१५० कुटुंब बसवल्यावर दमते. कारण साधं आहे. बोलेरोच्या मागच्या पाट्या (लीफ स्प्रिंग) मालासाठी बांधलेल्या असतात. अमेरिकन पिकअपच्या स्प्रिंगा ऑफिसला जाणाऱ्याच्या कमरेसाठी मऊ केलेल्या असतात. तिची ताकद ओढण्यात आहे, उचलण्यात नाही. रॅमने २००९मध्ये आणि टोयोटाच्या टुंड्राने २०२२मध्ये मागच्या पाट्या काढून कॉइल स्प्रिंग बसवल्या त्या याचसाठी. रोज रिकाम्या हौद्याने चाळीस मैल जायचं असेल तर हा फरक जाणवतो. पाट्यांची गाडी रिकामी असताना पुलांच्या सांध्यांवर मागून उड्या मारते. त्यात दुकानदाराने ‘मजबूत’ म्हणून जाड एलटी, म्हणजे ट्रकचे टायर घातले असतील तर विचारूच नका.

आणि बहुतेकांच्या आयुष्यात हौदा रिकामाच असतो. ट्रेलर वर्षातून दहापंधरा वेळा जोडला जातो, ऑफिस मात्र रोजचं. म्हणून निवड रोजच्या रस्त्यासाठी करावी आणि ट्रेलर फक्त पिवळ्या पट्टीवर तपासून घ्यावा. लोक नेमकं उलट करतात. अर्थात डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरात पिकअप आली की हौदा फार काळ रिकामा राहत नाही. मंडळाच्या गणपतीचं मखर, कुणाचा सोफा, कुणाच्या मुलाचं वसतिगृहाचं सामान, सगळं आपोआप चालत येतं. त्यासाठी साडेपाच फुटी हौदाही पुरतो. चाकांच्या कमानींमधली जागा पन्नास इंचांची असल्याने चार-बाय-आठचं प्लायवूड सपाट मावतं, फक्त मागची फळी उघडी ठेवून नीट बांधावं लागतं.

लांबी मात्र फितीने मोजावी. चार दारांची केबिन आणि साडेपाच फुटी हौदा असलेली एफ-१५० साधारण १९ फूट ४ इंच भरते. हौदा साडेसहा फुटी घेतला की २० फुटांच्या पुढे. बऱ्याच घरांचं गॅरेज आतून वीसच फूट असतं आणि त्यात पाणी तापवायचा बंब नाहीतर शेल्फ उभं असतं. आरशांसकट रुंदी आठ फुटांना टेकते, त्यामुळे आठ फुटी दारातून आरसे मिटूनच आत जावं लागतं. फोर-बाय-फोरची उंची साडेसहा फुटांच्या आसपास. ऑफिसच्या पार्किंगच्या तोंडाशी ६ फूट ८ इंचांची पाटी असेल तर गाडी जाईल, पण छतावर सायकलचा स्टँड लावलेला असेल तर जाणार नाही. सही करण्याआधी गाडी घरी आणून गॅरेजमध्ये घालून पाहावी आणि मागून शटर खाली ओढावं. सेल्समन कुरकुरतो, पण देतो.

इंजिनावरून माणसं हमरीतुमरीवर येतात, तेवढं त्यात काही नाही. वर्षाला १५,००० मैल, गॅलनला १८ मैल देणारं एक इंजिन आणि २२ देणारं दुसरं. फरक दीडशे गॅलनचा. गॅलनला सव्वातीन डॉलर धरले तर वर्षाचे पाचशेच्या आतबाहेर. हायब्रिडसाठी चार हजार जास्त मोजले तर ते फिटायला आठ वर्षं. टर्बोचं सहा सिलिंडरचं इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं, ट्रेलरला ते बरं. जुन्या वळणाचं व्ही-एट साधं आणि आवाजाने सुखावणारं. अर्धे सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवणाऱ्या व्ही-एटमध्ये झडपा उचलणारा लिफ्टर अडकून टकटक सुरू झाली की खर्च मोठा निघतो, म्हणून जुनी गाडी रात्रभर थंड झालेली असतानाच सुरू करून ऐकावी. डिझेलचं मायलेज मोहात पाडतं. पण ऑफिस सहा मैलांवर असेल तर काजळी जाळायला लागणारी उष्णता गाडीला मिळत नाही, आणि फिल्टर तुंबतो. विजेवरच्या पिकअपचा पल्ला कॅम्परमागे जवळपास निम्मा होतो, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागांवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लागतच नाही. तसं पेट्रोलवालीचं मायलेजही उंच कॅम्परपुढे निम्म्याच्या आसपास येतं. सपाट रस्त्यावर खरा शत्रू वजन नसून वारा असतो. पाच हजार पाउंडांची बुटकी बोट चार हजार पाउंडांच्या उंच कॅम्परपेक्षा कमी पेट्रोलात जाते.

साडेतीन हजार पाउंडांच्या आतलंच काही ओढायचं असेल तर एवढी मोठी गाडी हवीच कशाला, हा प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर ‘नको’ असं आहे. मधल्या आकाराची पिकअप ते करते. बाहेरच्या देशांतली स्वस्त छोटी पिकअप तिथे का दिसत नाही, त्याचं कारण कोंबडी. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून १९६४ पासून अमेरिकेने आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के लावले. कोंबड्यांचं भांडण लोक विसरले, जकात राहिली.

आता जोडणी. हिचचे गोळे सहसा तीन मापांचे असतात : पावणेदोनाहून किंचित मोठा १ ७/८ इंचाचा, २ इंची आणि २ ५/१६ इंची. ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या टोपीवर माप ठोकलेलं असतं. दोन इंची कपलर लहान गोळ्यावरही बसतो, खटका पडतो, सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. खात्री करायची रीत सोपी : खटका लावल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून नाक वर उचलायचं. गाडीची मागची बाजू त्याबरोबर उचलली गेली तर पकड खरी. साखळ्या नाकाखालून एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे नाक सुटलं तरी त्यांच्या झोळीत पडतं.

चार पिनांच्या प्लगमधून फक्त दिवे चालतात; ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकना सात पिनांचा लागतो, शिवाय डॅशबोर्डवर त्या ब्रेकचा जोर ठरवणारा कंट्रोलर. ब्रेक किती वजनापासून सक्तीचे ते राज्यागणिक बदलतं : कॅलिफोर्नियात १,५०० पाउंड, टेक्ससमध्ये ४,५००. कंट्रोलरचा जोर मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस मैलांवर बसवावा. कंट्रोलरवरचा हाताचा खटका दाबल्यावर ट्रेलरने गाडी ठामपणे मागे खेचली पाहिजे, पण चाकं घासत जाता कामा नयेत.

सामान मागे जास्त भरलं की ट्रेलरचं नाक हलकं होतं आणि हमरस्त्यावर तो शेपटासारखा डोलू लागतो. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो. जाऊ देऊ नये. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबायचे. थांबल्यावर सामान पुढे आणायचं. साठ टक्के वजन आसाच्या पुढे असलेलं बरं.

बोटीच्या ट्रेलरचं दुखणं वेगळं. तासभर पळून तापलेले चाकांचे हब थंड तळ्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी शोषून घेते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं, आणि परतीच्या वाटेवर चाक बसतं. बोट पाण्यात सोडायच्या उतारावर जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबावं, दिव्यांचा प्लग काढावा. ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असतानाच उन्हाने तडकतात, तेव्हा खोबणी बघण्याऐवजी बाजूवरची तारीख वाचावी.

जुनी पिकअप घेताना गाडीखाली वाकून हिचच्या चौकोनी नळीचं पिनेचं भोक बघावं. ते लांबट झालेलं असेल तर तिने बरंच ओढलंय. सात पिनांच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज असेल तर तिथे पाणी शिरलंय, बोट ओढत होती का ते विचारावं. आणि हौद्यातला गालिचा उचलून तळाला बुजवलेली मोठी भोकं दिसली, तर तिथे फिफ्थ व्हीलचा, म्हणजे हौद्यातच जोडायचा जड ट्रेलर बसत असावा. मग ‘फक्त ऑफिसला नेत होतो’ असं विकणारा कितीही सांगो, गिअरबॉक्सचं तेल बघायला मेकॅनिकला बोलवावं, नाहीतर सरळ पुढची गाडी बघावी.