पिशवीत ओल, तरी कलमं सुकलेली

मेअखेरीला भरदुपारी देवगडजवळच्या आमच्या नर्सरीच्या फाटकाशी एक टेम्पो येऊन थांबला. हौद्यात दुसरीकडून आणलेली हापूसची कलमं. वर ताडपत्री नाही, वाटभर ऊन आणि वारा. तांबूस पालवी माना टाकून लोंबत होती. बागायतदार काका रडकुंडीला आलेले. "बाय, निघताना भरपूर पाणी घातलंय. तरी कलमां सुकली कशी गो?"

मी पिशवीत बोट खुपसलं. माती खरंच ओली होती. पिशवी उलटी केली तेव्हा उलगडा झाला. बुडाच्या भोकांतून बाहेर गेलेली जाडसर मुळं तुटलेली होती. पिशव्या एकाच जागी बरेच महिने राहिल्या की मुळं जमिनीत घुसतात आणि उचलताना तुटतात. पाणी ओढणारी तोंडंच कमी झाली, वर पानांवाटे पाण्याचा खर्च मात्र वाढलेला.

मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं 95 टक्क्यांहून अधिक पाणी वाफ होऊन निघून जातं, तेही मुख्यतः पानांवाटे. आंब्याची बहुतेक पर्णरंध्रं, म्हणजे वाफ सोडणारी बारीक छिद्रं, पानाच्या खालच्या अंगाला असतात. पानाला चिकटून दमट हवेचा पातळ थर असतो, तोवर वाफ सावकाश जाते. धावत्या टेम्पोत तो थर टिकत नाही. कोवळ्या पालवीला तर मेणाचं कवचही पुरतं धरलेलं नसतं.

काका पाण्याची नळी घेऊन निघालेच होते. मी अडवलं. गच्च मातीत मुळांना हवा मिळत नाही, उरलीसुरलीही कुजतात. पाणी पानांवाटेच जातंय हे त्यांना पटावं म्हणून आमच्या मोठ्या आंब्याच्या पानांच्या झुबक्याला आणि शेजारच्या बिनपानाच्या फांदीला पारदर्शक पिशव्या बांधल्या. थोड्या वेळात पानांच्या पिशवीतून थेंब ओघळू लागले. फांदीच्या पिशवीत जेमतेम धूसरपणा. सालीवरच्या वातरंध्रांतूनही पाणी जातं, पण फारच थोडं. कोय कलम बांधताना, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी जोडताना, काडीची पानं आधीच उतरवतात आणि वर पिशवी चढवतात ते याचसाठी, कारण जोड जुळेपर्यंत तिला मुळांचं पाणी मिळत नाही. हे काकांना हातानं ठाऊक होतं, त्यामुळे पुढचं सांगावं लागलं नाही.

सगळी कलमं शेडनेटखाली, वाऱ्याच्या आड हलवली. पालवी खुडली, जून पानं कात्रीनं अर्धी केली, दिवसातून काही वेळा बारीक फवारा. नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवी असलेली ठेवली, तपकिरी झालेली बाजूला काढली. पाऊस स्थिरावल्यावर ठेवलेल्यांपैकी बहुतेकांनी डोळे फोडले. ती काकांनी कातळावरच्या खड्ड्यांत लावली, वाऱ्याच्या बाजूला झापांचा आडोसा करून.