अंतरपाट दूर होतो तेव्हा

लग्नाच्या दिवशी हॉलवर पोचलो की मी आधी गुरुजींना गाठतो. परवा दादरला सकाळचा मुहूर्त होता. नवरी गौरीहरापुढे बसली होती, तिचे फोटो सहकाऱ्यावर सोपवून मी स्टेजवर गेलो.

"गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला काढणार?"

"उत्तरेला, त्या खांबाकडे. 'तदेव लग्नं' सुरू झालं की तयार राहा."

माझी जागा ठरली. खांबाच्या समोरच्या बाजूला, दोघांचे चेहरे एकाच चौकटीत येतील अशी. व्हिडिओवाल्या दादांशीही तेव्हाच बोलून घेतलं, म्हणजे ऐनवेळी एकमेकांच्या आड यायला नको.

हॉलमधला खरा त्रास उजेडाचा. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे स्टेजवरचे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर स्पीड 1/500 सेकंदावर नेला की फोटोत काळपट पट्टे उमटतात. म्हणून रिकाम्या स्टेजचे फोटो काढून आधीच तपासतो. इथे 1/100 वर पट्टे गेले. एवढ्या कमी स्पीडला अक्षता रेघांसारख्या येतात. त्या मला आवडतात. चेहऱ्यावर पट्टा मात्र नको.

मंगलाष्टकं संपत आली तशी पुढची सगळी रांग मोबाईल वर करून उभी राहिली. "काकू, एवढा मोबाईल खाली घ्या, फोटो मी देतो ना," म्हटल्यावर काकूंनी लगेच घेतला. मामा भाचीच्या मागे उभे होते, हात तिच्या खांद्यांवर. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरकला आणि अक्षतांचा मारा सुरू झाला. नवरीने वर पाहिलं. नवऱ्याच्या मुंडावळीची एक सर फेट्यात अडकून कानावर आली होती. तिला हसू फुटलं, मग त्यालाही. हार घालायच्या आधीचं हे हसू सांगून मिळत नाही. त्यासाठीच मी हे काम करतो.

लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी धुरातच उरकली. ग्रुप फोटोंना मात्र घाई झाली, कारण मुंबईतला हॉल वेळेवर रिकामा करावाच लागतो. संध्याकाळच्या पार्टीचे फुलवाले दारात येऊन थांबले होते. मी घरच्यांकडून नावांची यादी आधीच मागवतो, आणि आजी-आजोबांना सगळ्यांत आधी उभं करतो. त्यांना ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, प्रत्येक फोटो दोन्हींवर जातो. तरीही घरी आल्यावर दोन हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय मी झोपत नाही.