खुर्दा किती गेला याची गणती

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. या भागात आळीआळीला फौजेतला माणूस आहे. माझ्या वर्गातली बरीच मुले पहाटे उठून भरतीसाठी सोळाशे मीटर धावतात आणि तशीच घामेजलेली सकाळच्या तासाला येऊन बसतात. अशा वर्गाला युद्धाच्या साहित्यातून शांततेचा विचार शिकवायचा असे तीन वर्षांपूर्वी ठरवले आणि पहिल्याच तासाला माझे चुकले. युद्धाच्या दुष्परिणामांवर मी एक सुविचारांनी भरलेले व्याख्यान दिले. ते संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझा दादा सियाचीनला आहे. तो चुकीचं करतोय असं तुमचं म्हणणं आहे का?" मी "नाही" म्हटले, पण पुढे काय बोलावे ते सुचेना. अवेळी फोन वाजला की ज्या घरात सगळ्यांच्या काळजात धस्स होते, त्या घरातल्या मुलाला शांतता किती मोलाची हे मी सांगण्याची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी व्याख्यान बाजूला ठेवले आणि पानिपतापासून सुरुवात केली. काल मॅचमध्ये आपले पानिपत झाले, असे ही मुले सहज बोलून जातात. तो शब्द त्यांच्या तोंडी आहे, पण त्यामागची माणसे नाहीत. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईची बातमी ज्या सावकारी पत्रातून नानासाहेब पेशव्यांना कळली असे सांगतात, त्यातला मजकूर मी फळ्यावर लिहिला: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये खुर्दा किती गेला याची गणती नाही. या ओळीचे पाठभेद बरेच आहेत, तेही मी सांगितले. दोन मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हे मुलांना ठाऊक होते. मोहरा म्हणजे सरदार, हेही त्यांनी ओळखले. खुर्दा या शब्दापाशी मात्र वर्ग अडला. ज्याच्या वडिलांचे किराणा दुकान आहे तो मुलगा म्हणाला, "खुर्दा म्हणजे चिल्लर, मॅडम." मी विचारले, "आपल्या गावातून त्या फौजेत कोणी गेले असेल, तर ते या ओळीत कुठे असेल?" कोणी लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने सियाचीनवाल्या दादाचा भाऊच हळू आवाजात म्हणाला, "चिल्लरमध्ये."

तो तास तिथेच थांबवला असता तरी चालले असते, असे मला आजही वाटते. शांतता हा शब्द त्या दिवशी मी उच्चारलादेखील नव्हता.

त्यानंतर आम्ही पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांची पत्रे वाचली. फ्रान्सच्या आघाडीवरून आणि इंग्लंडमधल्या रुग्णालयांतून घरी जाणारी ही पत्रे सेन्सॉरचे अधिकारी उघडत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवून ठेवत. त्या पाळतीमुळेच ती आज वाचायला मिळतात. १९१५ च्या जानेवारीत एका जखमी राजपूत शिपायाने घरी कळवले होते की याला युद्ध समजू नका, हा जगाचा शेवट आहे, आपल्या पूर्वजांचे जे युद्ध महाभारतात सांगितले आहे तसेच हे आहे. या वाक्याचा हात धरून मी मुलांना स्त्रीपर्वाकडे नेले. आमच्याकडे महाभारत म्हटले की गीता आठवते, द्यूत आठवते. रणांगणावर शिरलेल्या बायकांचे हे पर्व मुलांनी ऐकलेले नव्हते. व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीने गांधारी प्रेते पाहते. अभिमन्यूचे मुख मांडीवर घेऊन बसलेली उत्तरा तिला दिसते आणि नवऱ्याचे मस्तक शोधत धावणारी तिची स्वतःची लेक दुःशलाही दिसते. शत्रूच्या पोरासाठीही ती रडते. पुढे धृतराष्ट्र मेलेल्यांचा आकडा विचारतो. युधिष्ठिर तो सांगतो आणि शिवाय चोवीस हजार एकशे पासष्ट वीर अलक्ष्य आहेत, म्हणजे त्यांचा पत्ताच नाही, असेही सांगतो. ज्यांचे कोणी नाही त्यांचेही दहन करण्याची आज्ञा तो देतो. "म्हणजे इथं खुर्दा मोजलाय," असे एक मुलगी म्हणाली, तेव्हा मला फार समाधान वाटले.

याच सुमारास एका विद्यार्थिनीचे आजोबा मला भेटायला आले. ते निवृत्त सुभेदार होते आणि मी पोरांना फौजेविरुद्ध शिकवते, असे त्यांच्या कानावर गेले होते. मी त्यांना वर्गात बसण्याची विनंती केली. पत्रांचा तास संपल्यावर ते स्वतःहून उठले आणि सांगू लागले की पलटणीत ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रे ते लिहून देत, आणि सांगणारा तापाने फणफणलेला असला तरी पहिले वाक्य एकच असे: माझी तब्येत ठीक आहे, काळजी करू नये. एवढे बोलून ते खाली बसले. पुढचे तीन तास ते नेमाने येत राहिले.

मग मी गृहपाठ दिला. आमच्या भागातल्या काही गावांत १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाचा दगड आहे. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती मेली, एवढेच त्यावर कोरलेले असते. नाव एकाचेही नसते. दोन मुलींनी आपल्या गावच्या दगडावरचा चुना खरवडून तो मजकूर उतरवून आणला. बसरा येथे १९२९ साली उभारलेल्या स्मारकाची हकिकत मी त्याच्या जोडीला ठेवली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि थडगे न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिकडेच कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा टाकला गेला. या भेदभावाबद्दल अशी स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली माफी मागितली. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढला होता, आणि तो चढला याचा मला खेद नाही.

त्या दोन मुलींनी दोनशे पानी वही घेतली, दगडावरच्या आकड्याइतक्या ओळी आखल्या आणि आयोगाच्या नोंदींत आपल्या गावाचे नाव शोधायला बसल्या. इंग्रजांनी कानाला लागेल तशी लिहिलेली गावांची नावे लावता लावता त्यांचा महिना गेला. हाती दोन नावे लागली; तिसरे एका आजीने सांगितले, तिच्या चुलतसासऱ्याचे. सियाचीनवाल्या दादाचा भाऊ गेल्या वर्षी भरती झाला. निघण्याआधी तो महाविद्यालयात आला, वही मागून घेतली, ती तीन नावे वाचली आणि कोऱ्या ओळी बोटाने मोजल्या. ती वही यंदा मी अकरावीच्या नव्या वर्गाकडे दिली आहे.