पुगा खोऱ्यातला टाकणखार: लेहहून तीन दिवसांचा फेरा

लेहहून त्सो मोरिरी सरोवराला निघालेल्या बहुतेक गाड्या सुमडोच्या फाट्यावर डावीकडे वळतात. उजवीकडे वळलं की सातआठ किलोमीटरवर पुगा खोरं लागतं, आणि सोनाराच्या मुशीत पडणारा टाकणखार तिथे चक्क जमिनीवर फुललेला दिसतो. सवागी, टंकण, बोरॅक्स ही सगळी त्याचीच नावं. युरोपातले व्यापारी तिबेटकडून येणाऱ्या कच्च्या खाराला 'टिंकल' म्हणत, तो शब्दही आपल्या संस्कृत 'टंकण'वरूनच तिकडे पोचला असं मानतात. बोरॉनचं खनिज निसर्गात तयार होताना पाहायचं असेल तर भारतात याहून चांगली जागा नाही. मात्र तिथे पोचून अर्ध्या तासात फोटो काढून परतलं तर पांढऱ्या मातीपलीकडे काही हाती लागत नाही. कुठल्या वेळी जायचं आणि कुठून कुठे चालायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

रस्ता असा. लेह, कारू, उपशी आणि तिथून मनालीचा रस्ता सोडून सिंधूच्या काठाकाठाने चुमाथांग. लेहपासून हे अंतर सुमारे 140 किलोमीटर, थांबे धरून पाच तास. पहिला मुक्काम इथेच करावा. लेह 3,500 मीटरवर, चुमाथांग जेमतेम 4,000 आणि पुगा सुमारे 4,400. लेहमध्ये किमान दोन रात्री पूर्ण विश्रांती घेतल्याशिवाय या वाटेला लागू नये. पुगात तास-दोन तास वाकून, उकिडवं बसून काम करावं लागतं. दम तिथेच लागतो, गाडीत बसून अंदाज येत नाही. डोकेदुखी वाढत चालली, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर पुढे न जाता खाली उतरायचं. यात घासाघीस नको. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पेट्रोल-डिझेल कारूला भरून घ्यावं, पुढे भरवसा नाही. मोबाइलची रेंजही गृहीत धरू नये. माहेच्या पुलाजवळ कागदपत्रं तपासतात. परवाना आणि पर्यावरण शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून लेहमध्येच ताजी चौकशी करून पावत्यांच्या आणि ओळखपत्राच्या तीन-चार छापील प्रती जवळ ठेवाव्यात. फोनमधला फोटो दरवेळी चालतोच असं नाही.

दुसऱ्या दिवशी चुमाथांगहून पहाटे साडेपाचला निघालं की साडेसातच्या आसपास पुगात पोचता येतं. इतक्या लवकर जाण्याला कारण आहे. थंड हवेत झऱ्यांची वाफ उभी राहते, त्यामुळे गरम जागा कुठे कुठे आहेत याचा नकाशा लांबूनच डोळ्यांसमोर येतो. दहानंतर हवा तापते आणि वाफ विरते. दुपारी वारा सुटला की पांढरी भुकटी डोळ्यांत जाते.

खोरं पूर्व-पश्चिम पसरलंय. गरम पाण्याचा पट्टा साधारण चार किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद आहे. दोन्ही अंगांना पुगा मालिकेचे नाइस आणि शिस्ट खडक दिसतात. भारतीय भूखंड आणि आशिया जिथे शिवले गेले तो सिंधू सांधा इथून पूर्वेला अगदी जवळ आहे, आणि दरम्यान झिलदत प्रस्तरभंग जातो. तळाला हिमनदीने आणि ओढ्याने आणलेला गाळ आहे. खालून येणारं गरम पाणी या सैल गाळातून झिरपत वर येतं.

हा बोरॉन इथे आला कसा? सामान्य खडक ज्या सिलिकेट खनिजांचे बनतात त्यांच्या जाळीत बोरॉनचा अणू नीट बसत नाही. शिलारस थिजत जाताना तो शेवटच्या उरलेल्या रसात आणि पाण्यात साठत राहतो. हिमालयातल्या ग्रॅनाइटमध्ये काळं टुर्मलिन हे बोरॉनचं खनिज दिसतं ते त्यामुळेच. खोलवर तापलेलं पाणी अशा खडकांतून फिरताना बोरॉन विरघळवून घेतं आणि सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेटसोबत वर आणतं. पाणी पृष्ठभागावर येऊन पसरलं की कोरडी हवा ते शोषून घेते आणि मागे खार उरतो. पाऊस भरपूर पडणाऱ्या प्रदेशात हाच खार तयार होताच धुऊन गेला असता. टाकणखाराला तापलेलं पाणी लागतं तेवढीच कोरडी, थंड हवाही लागते. पुगात दोन्ही आहेत.

थंडीचं महत्त्व आकड्यांत पाहण्यासारखं आहे. टाकणखाराच्या संपृक्त द्रावणात 60 अंश सेल्सिअसला वजनाने सुमारे 30 टक्के खार असतो, 20 अंशाला पावणेपाच टक्क्यांहून किंचित कमी आणि शून्याला फक्त दोन टक्के. नेहमीच्या मिठाचं तसं नाही, त्याची विद्राव्यता तापमानाने फारशी हलत नाही. म्हणून झऱ्याच्या पाण्यात दोन्ही असले तरी दिवसभर आटून घट्ट झालेल्या डबक्यातून रात्रीच्या गारठ्यात आधी टाकणखार खाली बसतो आणि मीठ बराच काळ पाण्यातच राहतं.

आता चालण्याचा क्रम. आधी उकळत्या झऱ्यांकडे जावं आणि तिथून थंड कडेकडे यावं, उलट नको. झऱ्याच्या तोंडाशी टाकणखार शोधण्यात अर्थ नसतो. तिथे सिलिकाचा कडक राखाडी थर आणि वायू बाहेर पडतो त्या फटींत गंधकाचे पिवळे कण दिसतात. पाण्याचं कमाल तापमान 84 अंशांच्या आसपास आहे. ते कमी वाटलं तरी या उंचीवर पाणी साधारण 85 अंशांनाच उकळतं, म्हणजे ते उकळतंच आहे. तापमान मोजायला लांब वायरचा प्रोब न्यावा. इन्फ्रारेड तापमापक वाफेतून चुकीचा, बहुधा कमी आकडा देतो.

तोंडापासून दूर गेलं की ओल्या गवताची दलदल लागते आणि तिच्या कडेला खाराचा पट्टा सुरू होतो. इथे गुडघ्यावर बसून 10 पटीच्या भिंगातून पाहावं. ओल टिकलेल्या जागी, मातीच्या सावलीच्या बाजूला, आखूड जाडसर लोलक, म्हणजे लांबट स्फटिक, दिसतात: रंगहीन, काचेसारखे, थोडे तेलकट चमकीचे. हा खरा टाकणखार, पाण्याचे दहा रेणू धरून असलेला. हाताच्या अंतरावर, उन्हात, तोच खार पिठासारखा पांढरा आणि अपारदर्शक झालेला असतो. तो टिंकलकोनाइट, ज्यात पाण्याचे साधारण पाचच रेणू उरतात. एवढ्या बदलात खाराचं सुमारे 24 टक्के वजन हवेत जातं. कित्येक लोलक आकाराने शाबूत असतात पण स्पर्श केला की भुगा होतात. बाहेरून टाकणखाराचा सांगाडा, आतून दुसरंच खनिज. सकाळी आठला पारदर्शक दिसलेला कोपरा अकराला पुन्हा पाहावा. ढग नसतील तर फरक नजरेला कळतो.

हंगाम जून ते ऑक्टोबर असला तरी थर पाहण्यासाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. बर्फ वितळत असताना किंवा पावसाच्या सरीनंतर थर विरघळून मातीत जिरतो. सलग कोरडे दिवस मिळाले की केशाकर्षणाने ओल वर चढते आणि तो पुन्हा फुलतो. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर पुगा एक दिवस पुढे ढकललेलं बरं.

पांढरं दिसलं की टाकणखार, ही सगळ्यांत नेहमीची चूक. या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे, त्यामुळे सोडा आणि मीठही याच थरात मिसळलेलं असतं. ओळख पटवायला तीन गोष्टी करता येतात. पहिली नखाची: टाकणखाराची कठिणता 2 ते 2.5, नखाने जेमतेम ओरखडा उठतो. घनता 1.7, मिठाची 2.16, पण एवढ्याशा कणात हा फरक हाताला कळत नाही. दुसरी पीएच पट्टीची. चिमूटभर खार पाच मिलिलिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून अर्ध्या अंकाच्या फरकाची पट्टी बुडवावी. टाकणखार 9.2 च्या आसपास येतो आणि द्रावण पातळ केलं तरी आकडा फारसा हलत नाही. मीठ 7, धुण्याचा सोडा 11 च्या वर. अडचण अशी की खाण्याचा आणि धुण्याचा सोडा मिसळलेले असले तर तेही 9 ते 10 मध्ये येतात. म्हणून पीएच इशारा देते, निकाल देत नाही.

निकाल हळद देते. हळदीचं कुंकू करताना सवागी घालतात हे आठवत असेल तर हे लवकर लक्षात येईल. चमचाभर हळद 50 मिलिलिटर स्पिरिटमध्ये ढवळून गाळून घ्यावी, गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. पुगात त्या पट्टीवर खाराच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा, वाळू द्यायचा आणि जागेचा क्रमांक पेन्सिलीने लिहून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचा. पट्टी तिथेच लालसर होईल, पण त्यावर विश्वास ठेवू नये. कुठलाही अल्कली हळदीला लाल करतो, सोडासुद्धा. पुढची पायरी घरी: डागावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा आणि पट्टी कोमट हवेत पूर्ण कोरडी करावी. फक्त सोडा असेल तर बुडबुडे येऊन रंग परत पिवळा होतो. बोरॉन असेल तर वाळताना लाल-तपकिरी रंग चढतो, आणि त्यावर अमोनिया किंवा सोड्याच्या पाण्याचा थेंब पडला की डाग हिरवट-काळा होतो. पट्टी ओली असताना रंग पाहून 'बोरॉन नाही' ठरवणारे फार आहेत. लाल रंग वाळतानाच येतो. शेजारी दुकानातल्या टाकणखाराची एक आणि कोऱ्या पाण्याची एक पट्टी ठेवावी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आम्ल प्रवासात नेऊ नये, विमानात ते चालतच नाही. हिरव्या ज्योतीचा प्रयोगही प्रयोगशाळेतच करावा. नुसता टाकणखार ज्योतीत धरला तर सोडियमचा पिवळा उजेड सगळं झाकून टाकतो. हिरवा रंग यायला मिथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, ते वाऱ्यात करण्याचं काम नाही.

खाराचे नमुने पिशवीत भरून आणू नयेत. हा चांगथांगच्या वन्यजीव अभयारण्याचा परिसर आहे, आणि शिवाय आणलेला लोलक घरी पोचेपर्यंत टिंकलकोनाइटच झालेला असतो. थेंबाची पट्टी पुरते. परवानगी असलेल्या संशोधकांनी हवाबंद डबीत, खाराला न टेकणारा ओला कापसाचा बोळा ठेवून नमुना न्यावा आणि डबी 25 अंशांखाली ठेवावी. तापवण्याचा प्रयोग करायचा तर दुकानातला खार घ्यावा. 10 ग्रॅम टाकणखार मंद आचेवर फुगून त्याची लाही होते, आणि सगळं पाणी गेल्यावर जवळपास 5.3 ग्रॅम उरतात. जास्त उरले तर पाणी पूर्ण गेलेलं नाही. आच एकदम मोठी ठेवली तर लाही भांड्याबाहेर उतू जाते. पुढे 740 अंशांच्या वर तिची काच होते, आणि हीच वितळलेली काच धातूंची ऑक्साइड विरघळवून घेते. सोनाराला ती त्यासाठीच लागते.

पुगातला खरा धोका पायाखाली आहे. खाराचा थर वरून कोरडा, कडक दिसतो आणि खाली गरम चिखल असू शकतो. ट्रेकिंगच्या काठीचं खालचं चक्र काढून प्रत्येक पावलाआधी टोचावं. काठी चार बोटांहून जास्त शिरली तर आल्या वाटेने मागे. जिथे गवत आहे आणि शेळ्या-याकांच्या पायवाटा आहेत तिथून चालणं सर्वांत सुरक्षित. गंधकाचा वास येणाऱ्या खळग्यात वारा पडलेला असताना वाकून बसू नये. पांढऱ्या जमिनीवरून ऊन उलटं डोळ्यांत येतं, गडद चष्मा हवाच. कातडी बूट खाराने तडकतात, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत.

खोऱ्यात जुनी विंधनछिद्रं दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1970 च्या दशकापासून इथे सुमारे 385 मीटरपर्यंत खोदाई केली आणि 140 अंशांपर्यंत तापमान नोंदवलं. 2021 मध्ये भू-औष्णिक विजेसाठी ओएनजीसीने लडाख प्रशासनाबरोबर करार केला. कुंपणाच्या आत आणि जुन्या पाइपांच्या तोंडाशी जाऊ नये, वाफेचा दाब कधी उसळेल सांगता येत नाही. चांगपा या भटक्या पशुपालकांच्या मुलांची निवासी शाळाही याच खोऱ्यात आहे. त्यामुळे ओढ्यात साबण, कचरा काहीही जाऊ देऊ नये. दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच दिसले तर लांबूनच पाहावं.

अकरा-साडेअकरापर्यंत काम उरकून पोलोकोंगका खिंडीतून त्सो कार हे सरोवर गाठता येतं. खिंड जवळपास 5,000 मीटर उंच आहे. त्सो कारच्या काठावरचा पांढरा पट्टा दिसायला पुगासारखाच, पण तिथून चांगपा लोक पूर्वी मीठ नेत. त्याच हळदीच्या पट्टीवर तिथला एक थेंब घेऊन 'त्सो कार' असं लिहून ठेवावं. त्सो कार 4,500 मीटरच्या वर आहे, म्हणून कुणाचं डोकं दुखत असेल तर रात्र चुमाथांगला परत येऊन काढावी. सगळे ठीक असतील तर तिसऱ्या दिवशी देब्रिंग, तांगलांग ला, उपशी असं करत संध्याकाळी लेह.