बडोद्यात प्रिंटिंगचं दुकान काढलं आणि लाइट बिलाने रडवलं

छपाईसाठी गाळा भाड्याने घेताना मशीन मावेल का ते नंतर बघा, आधी मालकाकडे लाइट बिल मागा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा. मी वाचलं नाही.

बारा वर्षं दुसऱ्याकडे स्क्रीन प्रिंटिंग केलं, मुंजीच्या-लग्नाच्या पत्रिका, व्हिजिटिंग कार्डं. मग दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात खालचा गाळा मिळाला, मुद्रा लोन झालं (किशोरमधलं, ते ५ लाखांपर्यंत असतं), सेकंडहँड मिनी ऑफसेट छपाई मशीनचा सौदाही ठरला. राहिला जीएसटी नंबर. वर्षाची उलाढाल सेवेला २० लाख आणि मालाला ४० लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही, सगळे म्हणाले कशाला डोक्याला ताप, पण मकरपुरा जीआयडीसीतले (औद्योगिक वसाहतीतले) कारखानेवाले नंबर नसेल तर चलनबुकाचीही ऑर्डर देत नाहीत, आणि मशीनच्या बिलावर आपला नंबर नसेल तर मशीनवर भरलेला टॅक्स पुढे वळता होत नाही, बुडाला समजा. म्हणून मी हट्टाने नंबर येईपर्यंत मशीन उचललंच नाही.

अर्ज टाकला जानेवारीच्या सुरुवातीला. लाइट बिल मालककाकांच्या आजोबांच्या नावाने, वेरा बिल (म्हणजे घरपट्टी) त्यांच्या वडिलांच्या नावाने, संमतीपत्रावर सही काकांची. तीन कागद, तीन पिढ्या! पोर्टलवर नोटीस आली की जागेचा पुरावा जुळत नाही, ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या. ती गेली सीएच्या ईमेलवर, आणि सीएकडचा मुलगा उत्तरायण-वासी उत्तरायण (संक्रांत आणि तिचा दुसरा दिवस) धरून गावी पतंग उडवत बसलेला. आला तेव्हा घाईघाईत तेच कागद परत चढवले, अर्ज रिजेक्ट.

काकांना सांगायला गेलो तर ते माझ्यावरच उखडले, "अरे वेरा मी भरतो, बिल मी भरतो, मग मालक कोण, माझे आजोबा येणार आहेत का सही करायला?" वॉर्ड ऑफिसात गेलो, तिथे म्हणे नाव बदलायला सगळ्या वारसांची सही आणा. काकांची बहीण सुरतेला, आणि दोघांचं बोलणं बंद. कमुरता (संक्रांतीआधीचा लग्नं न करण्याचा महिना) उतरला होता, लग्नसरा सुरू, लोक पत्रिका विचारायला येत होते आणि मी रिकाम्या गाळ्यात खुर्ची टाकून बसलेलो, भाडं मात्र चालू. तीन आठवडे मी त्या भावाबहिणीत समेट करायच्या मागे होतो, माझा काय संबंध सांगा! शेवटी काकू सहज बोलून गेल्या, "अहो, सिटी सर्व्हेचं ते प्रॉपर्टी कार्ड चालणार नाही का?" कपाटातून काढलं तर त्यावर वारसाई कधीच चढलेली, काकांचं नाव स्वच्छ. इतके दिवस कोणाला आठवलंच नाही.

दुसऱ्या अर्जात प्रॉपर्टी कार्ड, संमतीपत्र, बोर्डासकट गाळ्याचे फोटो असं सगळं लावलं. बायोमेट्रिकला माझा अंगठा उठेना, थिनरने रेषा झिजलेल्या, दोनचार बोटं बदलून काम झालं. त्यामुळे स्क्रीनवाल्यांनी आधी दोन दिवस थिनरमध्ये हात घालू नका. नंबर आला त्या दिवशी पेढे वाटले, पहिला काकूंना.

आणि सीएवर सोडलंत तरी अर्जात ईमेल-मोबाइल स्वतःचाच द्या. उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका, मी भरले.

धंदा वाढला तो मराठी पत्रिकांमुळे. आसपासचे ऑपरेटर गुजरातीत पटाईत, पण 'वऱ्हाडी मंडळी'तला 'ऱ्ह' आला की गडबडतात, 'वर्हाडी' छापून मोकळे. मी प्रूफ गिऱ्हाइकाच्या घरच्या आजीला दाखवल्याशिवाय प्लेट काढायला पाठवत नाही. फाइल देताना फाँट कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरांचे चौकोन होतात.

हां, निवडणुकीचं राहिलंच. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतोच, शिवाय प्रकाशकाचं सहीचं डिक्लेरेशन दोन प्रतींत, ओळखीच्या दोघांच्या साक्षीसह, आणि त्यातली एक प्रत छापलेल्या पत्रकासोबत आपण कलेक्टरकडे पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर फाइल टाकून "सकाळी पाच हजार पाहिजेत" म्हणणाऱ्या एका कार्यकर्त्याला मी डिक्लेरेशन मागितलं, तो आजपर्यंत परत आलेला नाही.