ताऱ्याची आणेवारी

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात मी गेलो होतो तो हुरडा आणि काळोख यांसाठी, आणि पहिल्या रात्री दोन्हींत फसलो. माणशी १८०० रुपये घेऊन ‘आकाशदर्शन’ घडवणाऱ्या त्या कृषी पर्यटन केंद्रात आवारभर पांढरे दिवे आणि मध्यरात्रीपर्यंत गाणी होती. हुरडाही गारढोण होता. दुसऱ्या दिवशी सौताड्याचा धबधबा पाहिला, जो डिसेंबरात जेमतेम ओघळत होता, आणि संध्याकाळी मित्राच्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, शेतातल्या वस्तीवर मुक्कामाला गेलो.

येसराची आमटी आणि भाकरी झाल्यावर मी मोठ्या हौसेने दुर्बीण लावली. बटण दाबताच ती स्वतः वळून देवयानी दीर्घिकेवर स्थिरावली. आप्पांनी डोळा लावला, पंचवीस लाख प्रकाशवर्षांचे अंतर शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “छान आहे. पण ह्यात मोजायचं काय?”

मला उत्तर सुचले नाही. बारा वर्षे आकाश पाहणाऱ्या माझ्याजवळ असंख्य छायाचित्रे आहेत, पण नोंदीची एक वही नाही. आप्पांनी मात्र ट्रंकेतून तीन वह्या काढल्या.

शेतीची वीज पाळीपाळीने रात्री येते, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायचे तर रात्रभर दारे धरत उभे राहावे लागते. “मग वर बघण्याशिवाय दुसरं काय करावं?” असे ते म्हणाले. अशाच एका हिवाळ्यात ययाती तारकासमूहातील एक तारा काही रात्री बारीक होतो, असे त्यांच्या लक्षात आले. गावच्या गुरुजींनी तो डोळ्यांचा भास ठरवला, म्हणून आप्पांनी भासाचीच नोंद ठेवायला सुरुवात केली. तो तारा अलगोल होता, हे त्यांना तालुक्याच्या वाचनालयात फार उशिरा कळले. एक मंद तारा त्याच्या तेजस्वी जोडीदारासमोरून जातो आणि सुमारे दहा तासांचे ग्रहण लागते, हेही तिथेच समजले.

ताऱ्याची प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी दिसतो ते, मोजण्याची त्यांची रीत मी कुठेही पाहिली नव्हती. देवयानी तारकासमूहाच्या टोकाचा तेजस्वी तारा सोळा आणे, अलगोलशेजारचा एक फिकट तारा शून्य, आणि या दोहोंमध्ये अलगोलची किंमत आण्यांत करायची. उभ्या पिकाची आणेवारी पाहिलेल्या माणसाला ही रीत शिकवावी लागली नसणार. ताऱ्यांच्या प्रती गुणोत्तराने काढणारे निरीक्षकही मुळात हेच करतात. फक्त ते आणे म्हणत नाहीत.

पहिल्या वहीत बरीच खाडाखोड आहे. अलगोल तिसऱ्या दिवशी पुन्हा मंदावतो, पण सुमारे तीन तास अलीकडे, हे सापडेपर्यंत एक हिवाळा गेला. पुढच्या वर्षी २० नोव्हेंबर आणि १४ फेब्रुवारी या दोन्ही तारखांना रात्री नवाच्या सुमारास तो सर्वांत मंद दिसला. मधले ८६ दिवस तीस फेऱ्यांनी भागले, तर एका फेरीला ६८ तास ४८ मिनिटे येतात, आणि आप्पांनी नेमका तोच आकडा दोनदा अधोरेखित केला होता. पुस्तकात तो ६८ तास ४९ मिनिटे आहे. अर्ध्या तासाची चूक तीस फेऱ्यांत वाटली जाते, ही युक्ती त्यांना कुणी सांगितली, असे मी विचारले. “हिशेबात चूक असली की ती वाटून टाकायची, हे सोसायटीच्या कर्जात शिकलो,” असे उत्तर आले.

मी त्यांना इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातील जॉन गुडरिकची गोष्ट सांगितली. ऐकू न येणाऱ्या या मुलाने अठराव्या वर्षी, १७८३ साली, अलगोलच्या फेऱ्यांचा काळ जाहीर केला होता आणि त्यासाठी त्याला रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले होते. आप्पा बराच वेळ गप्प राहिले. नंतर एवढेच म्हणाले, “त्याला मधेच मोटर चालू करायला जावं लागत नसंल.”

योगायोगाने त्या रात्री अलगोलचे ग्रहण होते. दुर्बीण झाकून आम्ही बाजेवर पडलो. माझा आकडा दर वेळी त्यांच्यापेक्षा दोन-तीन आण्यांनी चढा येत होता, आणि ते न हसता दोन्ही आकडे वहीत मांडत होते. साडेअकराला तारा चार आण्यांवर टेकला. बाराला वीज आली. आप्पांनी वही माझ्या हाती दिली आणि खोरे घेऊन अंधारात गेले.

एकटा पडल्यावर मला घाम फुटला. मोटरीच्या खोलीवरचा दिवा डोळ्यांत घुसत होता आणि फोन उघडून उत्तर पाहण्याचा मोह आवरत नव्हता. एक वाजता मी “नऊ आणे” असे लिहिले, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

सकाळी चहा घेताना आप्पांनी ती नोंद पक्क्या वहीत उतरवली. प्रश्नचिन्हही तसेच ठेवले आणि शेजारी लिहिले, “पाहुणे. दिवा चालू होता.”