विहिरीत सोडलेली वाइन

मे महिन्यात कोकणात जायचं नाही, असं मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी आंब्यापायी जातो. यंदा चार दिवस आचऱ्याला होतो. सिंधुदुर्ग किल्ला झाला, तारकर्लीची जत्रा झाली, अंगाला घाम तेवढा चिकटून राहिला. लिहायचंय ते एका संध्याकाळबद्दल.

मेहुण्याने ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराहून शिराझ व्हिओनिए या लाल वाइनची बाटली आणली होती. जिथली वाइन, ते गाव मरमबेटमन. बायको अजून त्याला मुरंबाच म्हणते. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर, गार रात्रींत द्राक्षं सावकाश पिकतात. लाल शिराझमध्ये थोडी पांढरी व्हिओनिए घालून दोन्ही एकाच टाकीत आंबवतात. मूळ रीत फ्रान्समधल्या कोत-रोती या वाइनच्या भागातली. तिथे २० टक्क्यांपर्यंत पांढरी चालते, पण घालतात त्याहून बरीच कमी. तिने रंग फिका न होता उलट खुलतो. हे सगळं पुराण मी घरमालक काका-काकूंना पडवीत बसून ऐकवलं.

काकूंनी विचारलं, "फ्रीजमध्ये ठेवू?" मी हसलो. "नाही हो काकू, रेड वाइन रूम टेम्परेचरलाच पितात."

पडवीत पारा तेहतीसवर. पहिला घोट म्हणजे जांभळाचा आटवलेला पाक, त्यावर नाकात चढणारा स्पिरिटचा भपका. काकांनी पेला खाली ठेवला. "हो काढो असोच गरम पितत?"

'रूम' म्हणजे युरोपातली गार खोली, सोळा-अठरा अंशांची, हे मी वाचलेलं होतं. तरी शहाणपणा केलाच. काका काही न बोलता उठले, बाटलीचं फिरकीचं झाकण घट्ट लावलं, ती कळशीत उभी केली आणि रहाटाने विहिरीत सोडली.

तासाभराने वर आली तेव्हा बाटली हाताला गार लागत होती. स्टीलच्या पेल्यात ओतली. आधी जर्दाळूचा वास, मग कसलंतरी फूल, मागून लालसर आंबट फळं. जिभेवर जड काहीच नाही. मी शब्द शोधतोय तोवर काका म्हणाले, "ह्येच्यात तिरफळा घातलेली आसत काय?"

तिरफळं म्हणजे कोकणात माशांच्या कालवणात घालतात तो झणझणीत वासाचा मसाला. मी पांढरी मिरी म्हणणार होतो. मिऱ्यात रोटंडोन नावाचा जो वासाचा घटक असतो तोच शिराझमध्ये सापडतो, आणि गार हवेतल्या द्राक्षांत जास्त. पण काकांनी तो वास नुसत्या नाकाने ओळखला, तेव्हा मी गप्प बसलो.

जेवायला बांगड्याचं तिखलं. त्याच्याबरोबर मात्र तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं झालं. मासे आणि लाल वाइन हा हट्ट कुणी करू नये, मी केला. काकूंनी कोंबडीचं सुकं वाढलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला आणि पेल्यातली वाइन पुन्हा काढ्याच्या वाटेला लागली. काका उठले, उरलेली बाटली कळशीत घातली, आणि अंधारात रहाट करकरला.